नोंदवही रद्दीत घालण्याआधी

११८ आणि १२७. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे हे दोन आकडे. पहिला आकडा तपासणीची मोहीम न झालेल्या गावांतला, दुसरा मोहीम झालेल्या गावांतला. पहिल्या गावांत ३१ हजारांहून थोड्या जास्त स्त्रिया होत्या, दुसऱ्यांत ३४ हजारांहून थोड्या जास्त. आढावा बैठकीत एवढेच दोन आकडे पडद्यावर आले असते तर काय झालं असतं ते ओळखणं अवघड नाही. कुणीतरी म्हणालं असतं, ‘मोहीम केली आणि रोगी कमी झालेच नाहीत? मग हा खर्च कशासाठी?’ चहा येईपर्यंत कार्यक्रम गुंडाळला गेला असता.

पण तिथे पुढचे दोन रकानेही भरलेले होते. रोग पुढच्या टप्प्यावर गेल्यावर सापडलेल्या स्त्रिया: मोहीम नसलेल्या गावांत ८२, मोहिमेच्या गावांत ३९. या रोगाने झालेले मृत्यू: ६४ आणि ३४.

हे घडलं तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. गावांचे ५२ गट पाडले आणि कुठला गट कुठे जाईल हे कुणाच्या मर्जीवर न ठेवता चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची चाचणी (वरचे मोहिमेचे आकडे याच भागाचे), दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहणं आणि चौथा भाग तुलनेसाठी. आठ वर्षं पाठपुरावा झाला. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकीच्या दोन पद्धतींनी तिथे तरी ठळक फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटना आज तपासणीसाठी आधी एचपीव्ही चाचणीच सुचवते. त्यामागच्या पुराव्यात धाराशिवच्या या बायकांचा मोठा वाटा आहे. त्यांतल्या किती जणींना हे कुणी मराठीतून, त्यांच्या गावात जाऊन सांगितलं असेल, याची मला शंकाच आहे. आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी दोन टक्क्यांनीसुद्धा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी करून घेतलेली नव्हती.

म्हणजे धडा आपल्याच मातीत शिकला गेला, जगाने वापरला आणि आपल्याकडे तो वहीतच राहिला. हा लेख त्या वहीसाठी आहे. बीपी, शुगर, तोंडाचा आणि स्तनाचा कर्करोग, मशेरी, खर्रा, दारू अशा दीर्घ आजारांच्या आणि सवयींच्या मागे लागून महाराष्ट्रात गेली कित्येक वर्षं असंख्य माणसं काम करत आली. आशाताई, सिस्टर, छोट्या संस्था, एखादा हट्टी वैद्यकीय अधिकारी. त्यांनी काय केलं, काय जमलं, काय फसलं, याची शिदोरी आपल्या डोळ्यांसमोर नाहीशी होते आहे. ती वाचवा, एवढंच माझं मागणं आहे.

ती कशी नाहीशी होते? गाजावाजा न होता. प्रकल्पाचा निधी संपतो आणि कार्यालयाची भाड्याची खोली रिकामी करावी लागते. मार्चअखेरीला आवराआवर निघते. नवं ॲप येतं आणि जुन्या रजिस्टरांकडे अडगळ म्हणून पाहिलं जातं. वीस वर्षं एकाच उपकेंद्रावर काढलेल्या सिस्टर निवृत्त होतात. त्यांना नारळ, शाल आणि टाळ्या मिळतात. पण ‘या वस्तीवरचे लोक गोळ्या का सोडतात?’ असं त्यांना बसवून कुणी विचारत नाही, विचारलंच तर लिहून ठेवत नाही. पुढच्या वर्षी नवी संस्था त्याच वस्तीवर जाते, त्याच चुका नव्याने करते आणि अहवालात त्यांना ‘अभिनव उपक्रम’ म्हणते.

प्रतिबंधाच्या कामाची मूळ अडचणही लक्षात घ्यायला हवी. न झालेला हार्ट ॲटॅक दिसत नाही. न कापावा लागलेला पाय फोटोत येत नाही. शिबिराचा मात्र फोटो येतो. मग आपण मोजायला सोपं ते मोजतो: किती शिबिरं, किती तपासण्या, किती पत्रकं वाटली. गणेश मंडळाच्या मांडवात दिवसभरात शेकडो लोकांची शुगर तपासली जाते आणि ते चांगलंच आहे. पण गेल्या वर्षी ज्यांची शुगर जास्त निघाली त्यांची यादी कुठे आहे? त्यांतल्या किती जणांनी डॉक्टर गाठला, किती जणांची गोळी चालू झाली, वर्षाने किती जणांची शुगर आटोक्यात होती? बहुतेक ठिकाणी हे सांगता येत नाही, कारण यादी कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीच मांडवाबरोबर उतरते.

आकडे फसवतातही. शिबिराला आपणहून येतो तो बहुधा आधीच तब्येतीची काळजी घेणारा माणूस. दिवसभर शेतावर असलेला किंवा ऊसतोडीला गेलेला येत नाही. शिबिरात आलेल्यांवरून गावाचं आरोग्य ठरवलं तर गाव उगाच ठणठणीत दिसतं. बीपीचं आणखी वेगळं. पहिल्या दिवशी ज्यांचा बीपी खूप जास्त आला त्यांनाच महिन्याने पुन्हा मोजलं, तर काहीही न करता त्यातल्या अनेकांचा खाली आलेला दिसतो, कारण पहिल्या दिवसाचा आकडा योगायोगाने चढलेला असतो. ‘आमच्या योगवर्गाने बीपी उतरला’ असे दावे कित्येकदा एवढ्यावरच उभे असतात. योगाला माझा विरोध नाही. पण तुलनेला दुसरा गट नसेल तर श्रेय योगाला द्यायचं की नुसत्या दिवस उलटण्याला, ते ठरवता येत नाही.

याउलट, मोजणी नीट असली की ती स्वतःच काम करू लागते. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. इथे कागदच नव्हते, कारण माणूस रुग्णालयात पोचतच नव्हता. म्हणून डॉ. भगवान नेने आणि टाटाच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या चमूने नोंद घेणारी माणसंच गावात धाडली. ती जाताना लक्षणंही सांगत: अंगावरून लाल जाणं, न भरणारी जखम, स्तनातली गाठ. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. नवी यंत्रसामग्री आलेली नव्हती. कुणीतरी येऊन विचारत होतं, एवढाच बदल. तोही दिसला तो नोंदीत टप्पा लिहून ठेवला होता म्हणून.

आता जरा गुंतागुंतीकडे. धाराशिवमध्ये ॲसेटिक ॲसिडच्या एका फेरीने मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. तमिळनाडूतल्या डिंडिगुल जिल्ह्यात त्याच पद्धतीच्या एका फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. तो निष्कर्ष २००७ चा. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांबरोबर काम केलं. तिथे डॉक्टर नव्हे, तर काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या, साधारण दहावी शिकलेल्या स्त्रिया हीच तपासणी दर दोन वर्षांनी करत. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पद्धत एक, जागा तीन, उत्तरं तीन. फेऱ्या किती झाल्या, तपासणाऱ्यांवर देखरेख कशी होती, दोष निघालेल्या बाईपर्यंत उपचार किती लवकर पोचले, या सगळ्यात उत्तर दडलेलं असतं. ‘ॲसेटिक ॲसिडची तपासणी उपयोगी आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे; कोणी, कशी, किती वेळा केली, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि नेमका हाच ‘कसं’चा भाग आपल्या अहवालांत नसतो. अहवालात असतं ‘जनजागृती करण्यात आली.’ कोणी केली, किती वाजता, कुठल्या ओट्यावर बसून, बायका काय म्हणाल्या? काही नाही.

मुंबईच्याच कामाचा दुसरा भाग स्तनांच्या तपासणीचा. त्याचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते; पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये तसा फायदा दिसला नाही. हे दुसरं वाक्य छापायला धैर्य लागतं. त्याची किंमतही मोठी आहे, कारण मर्यादित मनुष्यबळ कुठे लावायचं ते त्याने कळतं. आपल्या कार्यक्रमांचे अहवाल वाचा: फसलेलं काही सापडतं का? सगळे शंभर टक्के यशस्वी. इतकी यशं असताना डायलिसिसच्या खुर्च्या का वाढतात, असा प्रश्न कुणालाही पडावा.

धाराशिव आणि मुंबई या दोन्ही अभ्यासांवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आणि तो घ्यायलाच हवा होता: तुलनेच्या गटातल्या बायकांना फक्त आरोग्यशिक्षण दिलं, तपासणी दिली नाही. हे योग्य होतं का? त्यावर देशात आणि देशाबाहेर बरंच लिहिलं गेलं. माझ्या मते त्यातून घ्यायचा धडा असा, की तुलना हवी, पण कुणाला वंचित ठेवून नको. तालुक्यात काम सुरू करताना सगळ्या गावांत एकाच दिवशी पोचणं तसंही शक्य नसतं. मग पहिल्या वर्षी कुठली गावं आणि दुसऱ्या वर्षी कुठली, हे सरपंचांच्या ओळखीवर न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि बीपी-शुगरची पहिली मोजणी सगळीकडे एकदम करा. तुलना आपोआप मिळते, आणि वर्षभराने सगळ्यांना सगळं मिळतं. याला वेगळा निधी लागत नाही, ठरवून केलेलं वेळापत्रक लागतं.

फिनलंडमधल्या नॉर्थ करेलियाचं नाव या विषयात नेहमी घेतलं जातं. हृदयविकाराने तरुण माणसं मरतात म्हणून तिथल्या लोकप्रतिनिधींनी १९७१ मध्ये सरकारकडे अर्ज केला आणि १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला. लोण्याऐवजी काय खावं याच्या गोष्टी सगळे सांगतात. मला त्यातली कमी सांगितली जाणारी बाजू महत्त्वाची वाटते: सुरुवातीलाच मोजमापाची पाहणी झाली, शेजारचा कुओपिओ प्रांत तुलनेला घेतला आणि पाच-पाच वर्षांनी पाहणी होत राहिली. पुढे कुओपिओतही लोक बदलू लागले आणि तुलना धूसर झाली. तीही गोष्ट त्यांनी लपवली नाही.

आपल्याकडेही असं शिस्तीचं काम होतं. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. प्रत्येक रुग्णाचं एक उपचारकार्ड आणि दर तिमाहीला एक साधा हिशोब: आधीच्या तिमाहीत नाव नोंदवलेल्यांपैकी आज किती जणांचा बीपी १४० आणि ९० च्या खाली आहे, किती जणांचा नाही आणि किती जण आलेच नाहीत. हा तिसरा आकडा सोन्याचा. न आलेल्यांकडे आशाताई गेली की कारणं कळतात: औषध संपलं होतं, मुलाकडे पुण्याला गेलो होतो, ‘एकदा गोळी लागली की सुटत नाही’ असं कुणी सांगितलं. यातलं पहिलं कारण औषधसाठ्याचं, दुसरं स्थलांतराचं, तिसरं समजुतीचं. तिन्हींवर उपाय वेगळे. हा हिशोब कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात, पेन्सिलीने, एका दुपारी होऊ शकतो.

आणि जुनी वही किती वर्षांनी कामाला येईल, सांगता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर होण्याआधीपासून बायकांची वजनं, उंची, आहार यांच्या नोंदी सुरू केल्या. पुढे जन्मलेली बाळं शाळेत गेली, तरुण झाली आणि त्यांच्या रक्तातल्या साखरेचा धागा आईच्या पोषणापर्यंत मागे नेता आला. मधुमेहाची सुरुवात पोटात असल्यापासून होते, ही आज सर्रास सांगितली जाणारी गोष्ट ज्या कामांतून पुढे आली त्यांत या गावांचं काम अग्रभागी आहे. कल्पना करा, १९९७ मध्ये कुणी म्हणालं असतं, ‘बाळं तर झाली, आता ही रजिस्टरं कशाला?’

तर आता कोणी काय करावं?

आशाताई आणि सिस्टर, तुमच्यावर आणखी एक फॉर्म लादायला मी आलेलो नाही. तुमचे सीबॅक फॉर्म, ऑनलाइन एन्ट्री आणि टार्गेट मी पाहिलेत. मागणं उलट आहे: पीएचसीच्या मासिक बैठकीत तुम्हाला दहा मिनिटं बोलू द्यावं आणि कुणीतरी लिहून घ्यावं. या महिन्यात कोणत्या घरात काय अडलं, कुठली युक्ती चालली. गडचिरोलीत खर्र्यावर चाललेला मुद्दा साताऱ्यातल्या मशेरीवर चालेलच असं नाही, आणि हे तुमच्याइतकं मुंबईच्या तज्ज्ञाला कळत नाही.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनो, जुनी रजिस्टरं टाकण्याआधी मोबाइलवर पानं टिपा. नावं झाकून ठेवा. कुणाची शुगर किती हे चव्हाट्यावर आणायचं नाही. मग जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाला फोन करा. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात. आणि त्या विभागांना एक विनंती: ग्रंथालयात कुलूपबंद झालेल्या प्रत्येक प्रबंधाचा दोन पानांचा मराठी गोषवारा काढा आणि ज्या गावातून माहिती घेतली त्या गावाला द्या. उपकार म्हणून नव्हे. माहिती त्यांची आहे.

देणगीदारांनो, कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या व्यवस्थापकांनो, तुमच्याशी जरा रोखठोक बोलायला हवं. फोटो तुम्ही मागता म्हणून फोटो मिळतात. एका वर्षात मधुमेह कमी झाल्याचा पुरावा मागाल तर खोटा पुरावा मिळेल. तीन वर्षं द्या, मोजमापासाठी पैसे वेगळे ठेवा आणि संस्थेने ‘हे जमलं नाही’ असं लिहिलं तर पुढचा हप्ता रोखू नका. अपयशाचा प्रामाणिक अहवाल देणारी संस्था मिळाली तर तिला धरून ठेवा.

संस्था चालवणाऱ्यांनो, लिहा. जामखेडच्या आरोळे दांपत्याने १९७० पासूनचं ग्रामीण आरोग्याचं काम पुस्तकात लिहून ठेवलं म्हणून परदेशातला विद्यार्थीही आज ते वाचू शकतो. तुमचं पुस्तक होणार नसेल तर चार पानं होतील. मराठीत होतील. शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेला पाठवता येतील, जिच्याशी तुमचं कदाचित पटत नाही.

आणि तुम्ही-आम्ही, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय असं म्हणतात. आपल्याकडे एक जागा आहे, ग्रामसभा. शहरात सोसायटीची आणि मंडळाची बैठक. तिथे तीन प्रश्न विचारता येतात. आपल्या गावात तिशीपुढच्या किती जणांचा बीपी-शुगर तपासला? ज्यांचा जास्त निघाला त्यांतल्या किती जणांचा आज आटोक्यात आहे? ज्यांचा नाही, त्यांना काय अडतंय? उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं तर रागावू नका, इतिवृत्तात तसंच लिहून घ्या आणि पुढच्या सभेची तारीख त्याच्यापुढे टाका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर: सभा होतातच. विषयपत्रिकेवर हा विषय यायचा तर नोटीस निघायच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना गाठावं लागेल. सोबत आशाताईंना न्या. आकडे त्यांच्याकडे असतात.